दोन मिनिटांनंतरचं 'नाही'

मी सरांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते गुडघ्यांवर होते. राजूरच्या कॉलेजात रुजू व्हायला गेलो होतो. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, हातात नेमणुकीचं पत्र. फाटकातून आत शिरलो तर कुंपणालगतच्या नीलगिरीखाली पन्नाशीचा एक माणूस रांगत होता. गळ्यात दोरीला बांधलेलं स्टॉपवॉच, शाळेत धावण्याच्या शर्यतीला पीटीच्या मास्तरांकडे असायचं तसलं. मला वाटलं, बिचाऱ्याचा चष्मा पडला असेल.

"काही हरवलंय का?" मी विचारलं.

त्यांनी वर न बघता नुसता तळहात दाखवला. थांब म्हणून. मी थांबलो. पत्राला हाताचा घाम लागायला लागला. शेवटी ते उठले, गुडघे झटकले, खिशातून एक छोटी वही काढून तीत काहीतरी टिपलं आणि समाधानानं म्हणाले, "नाही."

"काय नाही?"

"कोआला," असं म्हणून ते पुढच्या नीलगिरीखाली बसले.

ऑफिसात गेल्यावर मी शिपाईमामांना हळूच विचारलं, ते बाहेर कोण आहेत. मामा म्हणाले, "ते व्हय? आपलं प्राणिशास्त्राचं सर. लई शिकल्यालं हायेत. आस्ट्रेलियात जाऊन अस्वलावर पीएचडी केलीया. रोज सकाळी बघत्यात, आलंय का म्हनून."

"मग? आलंय का?"

"आजून तरी न्हाई," मामा गंभीरपणे म्हणाले.

मी मूळचा श्रीगोंद्याचा. आमच्याकडे झाड म्हणजे ऊस. तो लावायचा, तोडायचा आणि कारखान्याच्या काट्यावर नेऊन ओतायचा. अशा गावातून मी वनस्पतीशास्त्राचा एम.एस्सी. झालो आणि नोकरी मिळाली ती या डोंगरात. सरांनी दुसऱ्याच दिवशी माझं गाव विचारून घेतलं आणि तेव्हापासून मला नावानं कधी हाक मारली नाही. "काय ऊसवाले?" एवढंच. पाच वर्षं मी 'ऊसवाले' होतो. पुढे पोरंही मागं तेच म्हणायला लागली. मला राग यायचा, पण सरांवर राग धरणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, भिंतीला पत्ताच नसायचा.

ते रांगणं काय प्रकार आहे, हे त्यांनी मला पहिल्या आठवड्यातच समजावलं. कोआला हे अस्वल नव्हे, हे आधी तीनदा बजावून. पोटाला पिशवी असलेलं ते जनावर दिवसाचा बहुतेक वेळ नीलगिरीच्या बेचक्यात झोपून काढतं. रंग सालीसारखा. खाली उभं राहून मान मोडेस्तोवर वर बघितलं तरी दिसायचं नाही. पण जे वर खातं त्याचं खाली पडतंच. म्हणून कोआला मोजणारे वर बघत नाहीत. बुंध्याभोवती हातभर जागेत लेंड्या शोधतात. एका झाडाला दोन मिनिटं. एक लेंडी सापडली की घड्याळ थांबवायचं; ते झाड कोआलाचं. पूर्ण दोन मिनिटं शोधून काही मिळालं नाही तरच वहीत 'नाही' लिहायचं.

"लोक काय करतात, वर एक नजर टाकतात आणि नाही म्हणून मोकळे होतात," सर म्हणायचे. "ऊसवाले, 'नाही' म्हणायचा हक्क दोन मिनिटांनंतर येतो."

"पण सर, इथं राजुरात कोआला नाही हे तुम्हाला माहीत आहे की."

"माहीत आहे. पण न शोधता माहीत असण्याची सवय वाईट."

ही दोन मिनिटं त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की ती झाडापुरती राहिली नव्हती. बाजाराच्या दिवशी वांगी घ्यायला गेले की "कवळी न्हाईत व्हय?" या प्रश्नाआधी ढिगाऱ्यात दोन मिनिटं. वांगीवाल्या मावशी त्यांना लांबून बघूनच टोपली झाकायच्या. स्टाफ मीटिंगमध्ये प्राचार्यांनी "कुणाला काही शंका?" असं विचारलं की सगळे पटकन "नाही" म्हणायचे आणि सर घड्याळ दाबायचे. मग आम्ही सगळे चहा निवत असताना त्यांची शंका शोधून संपायची वाट बघायचो. एकदा एका पोरानं कोरा पेपर दिला. मी असतो तर शून्य टाकून गठ्ठा बांधला असता. सरांनी तो कोरा पेपर पानन् पान दोन मिनिटं तपासला आणि शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात पोरानं टाइमपास म्हणून काढलेलं बेडकाचं हृदय शोधून काढलं. कप्पे बरोबर होते. तीन मार्क दिले. वर्गात कुणी झोपलं तर उठवू देत नसत. "झोपू दे. ऊर्जा वाचवतोय," म्हणत, आणि त्यांच्या तोंडी ती खरीखुरी स्तुती असायची.

लग्न केलं नव्हतं. मी एकदा धीर करून विचारलं, "तिकडं कुणी नव्हतं का, सर?"

"शोधलं की," ते म्हणाले. "दोन मिनिटांत सापडलं नाही."

राहायचे ते राजूरपासून वर, डोंगरातल्या आपल्या गावी, थोरल्या भावाच्या घरात. घर चालायचं वहिनींच्या शब्दावर. या वहिनी काटक आणि फटकळ बाई. दिराची पीएचडी त्यांनी कधीच मनावर घेतली नव्हती. "भावजींना मिठाचा डबा आना म्हनलं की दोन मिंटं हुडकत्यात आन मंग येऊन सांगत्यात, न्हाई. डबा हातापुढं असतोय," असं त्या मला भाकरी वाढता वाढता सांगायच्या आणि सर मान खाली घालून, गुन्हा कबूल असल्यासारखे, पिठलं ओरपत राहायचे.

गावाच्या वर देवराई आहे. तिथली वाळकी काडीसुद्धा कुणी घरी नेत नाही. त्या राईत शेकरू आहेत. खारच, पण मांजराएवढी, तांबूस, झुपकेदार लांब शेपटीची. आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. मला वाटतं बहुतेक महाराष्ट्रानं तो शाळेच्या पुस्तकातच पाहिलेला आहे. शेकरू होता होईतो जमिनीवर उतरत नाही. या फांदीवरून त्या फांदीवर जातं. सरांनी ऑस्ट्रेलियातून परत येऊन कोआलाची ती पद्धत या शेकरूला लावली होती. लेंड्यांऐवजी कुरतडलेली फळं शोधायची, एवढाच फरक. राईतून काही बाहेर न्यायचं नाही म्हणून सापडलेली सालं तिथंच मोजून तिथंच ठेवायची. मी त्यांच्याबरोबर पाच वर्षं त्या राईत रांगलो. माझ्या दोन पँटी गुडघ्यावर फाटल्या. शेकरू मात्र मला एकदाही दिसलं नाही. सर "ते बघा" म्हणायचे, मी मान वळवायचो आणि नुसती फांदी हलत असायची.

राईच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला तीन झाडं होती. एक आंबा, एक जांभूळ, एक बेहडा. देवाच्या हद्दीत ती येत नव्हती. त्यांच्या फांद्या रस्त्यावरून पलीकडच्या हिरड्यांना भिडलेल्या होत्या. राईतल्या शेकरूंना पलीकडच्या जंगलात जायला तेवढी एकच वाट. आणि तो रस्ता रुंद व्हायचा होता. तिन्ही झाडांवर तोडणीसाठी पांढऱ्या रंगाचे आकडे पडले. त्या काळात सरांच्या मनात दुसरं काही नव्हतं. ती तीन झाडं राहिली पाहिजेत, बस्स. तसा अर्जही त्यांनी रस्त्याच्या कचेरीत दिला होता.

बरं, रस्ता नको म्हणायचीही सोय नव्हती. वहिनींनी चुलीपाशीच ठणकावून सांगितलं होतं, "भावजी, गेल्या पावसाळ्यात जीप चिखलात रुतली आन आपल्या सुनंला झोळीत घालून राजूरला न्यावं लागलं. रस्ता पायजेच. तुमचं काय आसंल ते झाडाचं बघा, रस्त्याला आडवं येऊ नका."

"मी रस्त्याला नाही म्हणतच नाही, वहिनी," सर म्हणाले. "मी झाडांना हो म्हणतोय."

"ते एकच झालं," वहिनी म्हणाल्या.

आता मी माझ्या पराक्रमाकडे येतो. सांगायला लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय सर कळायचे नाहीत.

सरांच्या टेबलावर काचेच्या दोन बाटल्या असत. त्या भागात घरोघरी बाळहिरडा असतो. झाडावरून गळालेले कोवळे हिरडे वाळवून ठेवतात, काळपट, लांबट, सुरकुतलेले. खोकला आला की एक गालात धरायचा. एका बाटलीत तो होता. दुसऱ्या बाटलीत होत्या कोआलाच्या वाळलेल्या लेंड्या. ऑस्ट्रेलियाची आठवण म्हणून रीतसर परवानगीचा कागद घेऊन आणलेल्या. त्याही लांबट, काळपट, सुरकुतलेल्या. बाटलीवर लॅटिन नावाची चिठ्ठी होती, पण तिची शाई केव्हाच उडाली होती. रुजू झालो तेव्हा सरांनी सांगितलं होतं की खायची ती डावीकडची. पण टेबलाच्या कोणत्या बाजूनं डावीकडची, हे मी कधी विचारलं नाही.

रस्त्याच्या कामाचे साहेब कॉलेजात आले तेव्हा सर तासावर होते. साहेब पाथर्डीकडचे, धिप्पाड, धुळीनं घसा पार बसलेला. त्यांना प्राणिशास्त्र विभागाचा अभिप्राय फायलीला जोडायचा होता. कागद टाइप करूनच आणला होता, 'सदर ठिकाणी वन्यजीवांचा वावर आढळून आला नाही.' खाली फक्त सही हवी होती. सरांची सालांच्या नोंदींची वही मी पुढे केली. साहेबांनी चाळली आणि बाजूला सारली.

"तुमच्या सरांना झाडं वाचवायचीत, मग ते असंच लिहिणार. कुरतडलेली फळं काय, माकडाचीही असतील," ते म्हणाले आणि खोकत सुटले.

मला वाटलं, पाहुणचार करावा. मी बाटली उघडून पुढे धरली. "घ्या साहेब, बाळहिरडा. घशाला बरा."

साहेबांनी एक उचलला आणि गालात धरला. मी, वनस्पतीशास्त्राचा एम.एस्सी., समोर कौतुकानं बघत बसलो.

तासाची घंटा झाली, सर आले. साहेबांचा चेहरा तोवर खुलला होता. "सर, फार गुणाचा हिरडा हो तुमचा! नीलगिरीत मुरवता काय? नाकच मोकळं झालं बघा." मग पुढे वाकून म्हणाले, "ते तीन झाडांचं म्हणत होता ना तुम्ही? बघू. काहीतरी मार्ग काढू."

सरांनी उघड्या बाटलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्या एका नजरेत मला डावं-उजवं कायमचं कळलं. मी साहेबांच्या पाठीमागून सरांना हात जोडले. गप्प राहा, सर. झाडं वाचतायत. वाळलेली तर आहे, काय होणार आहे?

सरांनी गळ्यातलं घड्याळ हातात घेतलं आणि दाबलं.

आयुष्यात इतकी लांब दोन मिनिटं मी काढलेली नाहीत. साहेब चघळत होते. पंखा करकरत होता. दोन मिनिटं भरली तसे सर म्हणाले, "साहेब, तो हिरडा नाही."

पुढचं सगळं फार झटपट झालं. साहेब खिडकीकडे, तिथून व्हरांड्यातल्या नळाकडे. सर मागोमाग, हातात तांब्या घेऊन, कळवळून सांगतायत, "घाबरू नका, अपाय नाही. कोआलाचं पिल्लू आईचं हेच, जरा मऊ असताना, खातं. त्याशिवाय त्याला पाला पचतच नाही."

"आवो, मी काय पिल्लू हाय का कोआलाचं?" साहेबांची कचेरीतली भाषा नळाच्या पाण्याबरोबर वाहून गेली होती. "काय मानसं हाईत का कोन! आन सांगायचं तर लगीच सांगावं, दोन मिन्टं चघळू दिलं मला?" फाईल काखोटीला मारून ते जे जीपमध्ये बसले, ते मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

मी सरांवर भडकलो. चूक माझी होती म्हणून जास्तच भडकलो. "सर, झाडं तुमच्या हातात आली होती. तुम्ही घालवलीत. आणि सांगायचंच होतं तर दोन मिनिटं कशाला थांबलात?"

"न सांगण्यासाठी एखादं कारण सापडतंय का, ते शोधत होतो," सर म्हणाले. "नाही सापडलं."

मग ते खुर्चीत बसले आणि मी कधीही न विचारलेली गोष्ट त्यांनी सांगितली. तिकडं ऑस्ट्रेलियात एका रस्त्याच्या कामासाठी झाडं तपासायची होती. शेवटचा दिवस, पाऊस, गाडीवाला हॉर्न वाजवत होता. शेवटच्या पाच झाडांखाली सर वाकलेच नाहीत. उभ्या उभ्या वर नजर टाकली आणि वहीत पाच वेळा 'नाही' लिहिलं. त्या नोंदींवरून रस्ता तिथूनच गेला. नंतर एकदा त्यांना नमुने घ्यायला बोलावलं. रस्त्यावर एक मादी मरून पडली होती, पाठीवर पिल्लू. त्याच पाच झाडांजवळ.

"कुणीही मला बोललं नाही, ऊसवाले. कुणाला माहीतच नव्हतं," ते म्हणाले. "मलाच माहीत होतं."

त्यांचे डोळे भरले होते. मी त्या दिवशी त्यांच्यासाठी चहा आणला आणि नीलगिरीखाली रोज का रांगतात, हे पुन्हा कधी विचारलं नाही.

आठ दिवस गेले. आम्ही झाडं गेलीच असं धरून चाललो होतो. नवव्या दिवशी राईजवळ जीप थांबली आणि साहेब उतरले. आम्ही दोघं जांभळाखाली रांगत होतो. मी लगेच उठून सरांच्या मागं झालो.

"बसा, बसा," साहेब म्हणाले. "सर, मी आठ दिस इचार केला. तुमाला झाडं पायजे हुती. तुमी गप बसलं आसतं तर मी कामच करून दिलं आसतं. सोताचा फायदा सोडून मानूस खरं बोलला, म्हंजी झाडाचंबी खरंच बोलत आसनार." मग रुमालानं तोंड पुसून, "कुठं बघायचं? वर का खाली?"

"खाली," सर म्हणाले.

तो एवढा मोठा माणूस गुडघ्यांवर बसला. जांभळाखाली दोन मिनिटं. काही नाही. सरांनी वहीत शांतपणे 'नाही' लिहिलं. माझा जीव तीळ तीळ तुटत होता. आंब्याखाली दोन मिनिटं. काही नाही. सरांनी पुन्हा तसंच लिहिलं. बेहड्याखाली साहेबांनी स्वतःच घड्याळ मागून घेतलं. पाचोळा एकेक पान करून उलटत गेले आणि अगदी शेवटी शेवटी ओरडले, "ह्ये काय?"

अर्धवट खाल्लेलं बेहड्याचं फळ होतं, अजून ओलं. सरांनी त्यांना कडेचे दातांचे दोन-दोन रेघांचे ठसे दाखवले, मग वर बोट करून काटक्या-पानांचं घरटं दाखवलं. साहेबांनी घड्याळ थांबवलं. 'आढळून आला नाही'मधलं 'नाही' त्यांनी आपल्या पेनानं खोडलं आणि सरांपुढं कागद धरला.

पुढं महिनाभर कागद वर-खाली फिरले, पण झालं. झाडांपाशी पन्नास पावलं रस्ता रुंद करायचा नाही, दोन्ही टोकांना गाडीला थांबायला जागा करायची, एकानं थांबायचं आणि दुसऱ्यानं जायचं, असं ठरलं. एका टोकाच्या जागेसाठी बांध लागला तो सरांच्या घरचाच. हिरड्याच्या उत्पन्नातला तुकडा. सर भीत भीत वहिनींना सांगायला गेले. त्या वरई पाखडत होत्या.

"रस्ता मीच मागितला, झाडं तुमी मागितली," त्या म्हणाल्या. "मंग जिमीन काय शेजाऱ्याची जायाची व्हय? द्या."

एवढं बोलून त्यांनी सूप झटकलं आणि सरांना मिठाचा डबा आणायला पाठवलं.

मी नंतर बदली घेऊन श्रीगोंद्याला परत आलो. निघताना सरांनी गळ्यातलं घड्याळ काढून माझ्या गळ्यात घातलं. आता ते निवृत्त आहेत. गुडघ्यांनी दगा दिला, त्यामुळे राईपर्यंत जाणं होत नाही. ओट्यावर बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला काय काय दिसलं ते विचारतात.

परवा त्या बाजूला एक लग्न होतं. सरांचं घड्याळ आठवणीनं गळ्यात घालूनच निघालो. जीप त्या तीन झाडांपाशी थांबली. समोरून टेम्पो येत होता. ड्रायव्हर म्हणाला, "ह्या जाग्याला दोन मिनिटं म्हनत्यात. हितं थांबावंच लागतं." ती जागा अशा नावानं ओळखली जाते, हे मला ठाऊक नव्हतं. मी उतरलो. लग्नाच्या कपड्यांत बेहड्याखाली बसलो आणि पाचोळा उलटायला लागलो. वर काही हललं. मी मान वर करेपर्यंत नुसती फांदी. पण खाली, पायाशी, आत्ताच पडलेलं अर्धं फळ होतं. दातांच्या दोन-दोन रेघा. पाच वर्षं रांगलो तेव्हा झाला नसेल एवढा आनंद मला झाला. मी तिथूनच सरांना फोन लावला.

"सर, सापडलं! बेहड्याखाली. ताजं आहे."

सरांनी लगेच विचारलं, "किती सेकंदांत?"

मी गळ्यातल्या घड्याळाकडे पाहिलं. काटा शून्यावर होता. शंभर म्हणालो असतो तर त्यांना कुठे कळणार होतं?

"सर," मी म्हणालो, "दाबायलाच विसरलो."

"मग पुन्हा पहिल्या झाडापासून, ऊसवाले," सर म्हणाले. "मी फोन धरून बसलोय."

मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं, फळ जिथं होतं तिथंच ठेवलं, घड्याळ दाबलं आणि जांभळाखाली गुडघ्यांवर बसलो.